रेड डेड रिडेम्प्शन २: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा व्हिडिओ गेम मी दोनदा पूर्ण खेळले आहे. ऑफिसात, नात्यात, मैत्रिणींमध्ये कुणालाही हे कळलं की हटकून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. शेवटच्या दोन उत्तरांत कथेचं मर्म उघड होतं. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी तिथे थांबावं. मी तिथे पुन्हा आठवण करून देईन.

हा गेम नेमका आहे तरी काय?

साल १८९९, देश अमेरिका. डच व्हॅन डर लिंड नावाच्या माणसाची दरोडेखोरांची टोळी आहे. ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसतो आणि टोळी जीव मुठीत धरून पळते, ती थेट बर्फाच्या डोंगरात जाऊन अडकते. आपण खेळतो तो आर्थर मॉर्गन. डचने त्याला पोरवयात उचलून आणलं, वाढवलं, आणि आता तो टोळीचा उजवा हात आहे. पुढची सगळी गोष्ट म्हणजे टोळीने तळ हलवत राहणं, मागावर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीची माणसं असणं, आणि डचचं दर वेळी एकच आश्वासन: आणखी एक मोठा हात मारू, मग ताहिती बेटावर जाऊन आंबे पिकवू.

रॉकस्टार गेम्स या कंपनीने हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ ला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आणला, पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९ ला आला. आजवर त्याच्या ७ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. गेम ओपन वर्ल्ड आहे, म्हणजे कथा बाजूला ठेवून घोडा वाटेल त्या दिशेला हाकायची मोकळीक. डोंगर दिसला तर त्यावर चढता येतं, नदी दिसली तर तिच्यात उतरता येतं.

गोळीबाराचे गेम मला आवडत नाहीत. तरी हा आवडेल का?

मलाही आवडत नाहीत. गोळीबार यात भरपूर आहे, ते आधीच सांगते. पण वर्षभराने काय आठवतं असं कुणी विचारलं तर मला एकही चकमक आठवत नाही. आठवते ती तळावरची रात्र.

मोहीम उरकून परत यावं, घोडा बांधावा. टोळीचा आचारी पिअरसन याने रटरटत ठेवलेल्या कालवणातली एक वाटी घ्यावी. शेकोटीपाशी हावियेर गिटार छेडत असतो, कुणीतरी जुना किस्सा सांगत असतो, कुणी दारू जास्त झाल्यामुळे रडत असतो. आपण बटण दाबलं की आर्थर किटलीतून कॉफी ओततो, मग हातात धरून उभा राहतो आणि एक एक घोट घेतो. एका दाबात पेला रिकामा होत नाही. मी सुरुवातीला वैतागले. मग लक्षात आलं की तो कॉफी पितोय तेवढ्या वेळात माझ्या कानावर मागच्या तंबूतलं भांडण पडतंय, आणि उद्या त्या दोघांशी मला वेगळं बोलावंसं वाटणार आहे.

या गेमची सगळी ओढ मला इथे दिसते. तो घाई करू देत नाही, आणि घाई केली नाही की माणसं आपली वाटायला लागतात. कपाटाचा प्रत्येक खण हाताने उघडावा लागतो. हरीण मारलं तर गुडघे टेकून कातडं सोलायचं, खांद्यावर टाकायचं, घोड्यावर चढवायचं. उघड्यावर टाकून दिलेलं जनावर दोन दिवसांनी सडलेलं दिसतं, वर गिधाडं फिरत असतात. दाढी वाढते, कपड्यांवर चिखल सुकतो, आणि हॉटेलात २५ सेंट मोजून आंघोळ करता येते. मोठ्या प्रसंगांपेक्षा ही बारकी कामंच आपल्याला त्या माणसाच्या अंगात शिरवतात.

सुरुवात फारच संथ आहे. दोन तास बर्फातच जातात. सोडून देऊ का?

नका सोडू. पहिला अध्याय मुद्दाम तसा आहे. थकलेली, उपाशी, आपली माणसं गमावलेली टोळी पडक्या खाणवस्तीत आसरा घेते. गुडघाभर बर्फातून पावलं उचलताना आपल्यालाच धाप लागते. मग बर्फ वितळायला लागतो, गाड्या डोंगर उतरतात आणि हॉर्सशू ओव्हरलूकवर तळ पडतो. समोर हिरवी दरी, खाली वळण घेणारी नदी. त्या उजेडाची किंमत आधीच्या दोन तासांमुळेच कळते.

दुसऱ्या अध्यायात पोचलात की लगेच कामं अंगावर घेऊ नका. व्हॅलेंटाइन गावात घोड्यावरून उतरून पायी फिरा. पाऊस पडून गेलेला असला तर रस्त्याचा नुसता राडा झालेला असतो, गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं, मेंढ्यांचे कळप, दारूच्या गुत्त्यातून पियानोचा आवाज. इथे एक संध्याकाळ काढूनही मन रमलं नाही, तर हा गेम तुमचा नाही असं खुशाल म्हणा.

घोड्याचं एवढं काय कौतुक?

इतर गेममध्ये घोडा म्हणजे चार पायांची मोटारसायकल असते. इथे त्याच्याशी नातं जोडावं लागतं. खरारा करायचा, गाजर-सफरचंद खायला घालायचं, मानेवर थोपटायचं, घाबरला की शांत करायचं. या नात्याच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर गेलेला घोडा लांबून मारलेली शीळ ऐकून येतो आणि धोका दिसला तरी कमी बिथरतो. अंग चिखलाने माखलेलं राहिलं तर त्याचा दम लवकर तुटतो. जास्तीच्या बंदुका त्याच्या खोगिराला असतात. त्या काढून न घेता उतरलात तर ऐन वेळी हात रिकामे.

आणि घोडा मेला की मेला. जवळ संजीवनीचं औषध असेल तरच वाचतो.

माझी पहिली घोडी डाकोटा नदीच्या काठावर गेली. चूक सर्वस्वी माझी. वळसा टाळायला खडकांवरून भरधाव उतरवली, ती कोलमडली, मी लांब फेकले गेले. उठून पाहिलं तर ती पाय झाडत होती आणि पिशवीत औषध नव्हतं. नंतर खोगीर सोडवून खांद्यावर घेतलं आणि व्हॅलेंटाइनच्या तबेल्यापर्यंत चालत गेले. खोगीर घेऊन पळता येत नाही. त्या चालण्यात मला जेवढं वाईट वाटलं तेवढं गेममधल्या कुठल्याही मरणाने तोवर वाटलं नव्हतं.

माझ्या आईला व्हिडिओ गेममधलं काही कळत नाही, पण तिचं बालपण बैलांच्या गोठ्याशेजारी गेलंय. मी खेळत असताना ती सोफ्यावर येऊन बसायची. एकदा म्हणाली, "अगं, किती दामटतेस त्याला! दमलाय तो, श्वास ऐक की." तिने ऐकला होता, मी नव्हता. त्या दिवसापासून मी चढणीला घोडा चालवत न्यायला लागले.

चांगला घोडा हवा असेल तर बर्फाच्या प्रदेशात इझाबेला तळ्याकाठी एक पांढरा अरबी घोडा मोकळा फिरतो. बुजरा आहे. वाऱ्याचा अंदाज घेत, थांबत थांबत जा, आणि आधी गेम सेव्ह करा.

चांगलं वागायचं की वाईट? त्याने काही फरक पडतो का?

पडतो. सन्मानाची एक पट्टी आहे, कृत्यांप्रमाणे ती वर-खाली होते. दुकानातले भाव, लोकांचं बोलणं, आर्थरच्या वहीतला सूर आणि शेवटची काही दृश्यं तिच्यावर ठरतात. वाटेवरच्या प्रत्येकाशी दोन तऱ्हांनी बोलता येतं, राम राम करून किंवा कुरापत काढून. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला चांगलं वागा. हा माणूस आतून बदलू पाहतोय, आपण त्याला साथ दिली तर गोष्ट घट्ट विणली जाते.

आर्थरच्या वहीचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, ती वाचा. आडदांड दिसणारा हा माणूस रात्री पेन्सिलने पक्षी, झाडं, पडकी घरं रेखाटतो. कुठल्याही विषयावर तोंडाने दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा वहीत पानंच्या पानं लिहितो. आवाज आणि हालचाली रॉजर क्लार्क या अभिनेत्याच्या आहेत. डिसेंबर २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक त्याला मिळालं, आणि ते त्याचंच होतं.

मुख्य कथा सोडून भटकण्यात काही अर्थ आहे का?

माझ्या मते अर्धा गेम तिथेच आहे. रस्त्याकडेला एक माणूस साप चावला म्हणून ओरडत असतो. विष चोखून काढा किंवा पुढे निघून जा. वाचवलात तर पुष्कळ दिवसांनी तोच माणूस गावात बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला भेटतो, ओळखतो, आणि आत जाऊन हवं ते घ्या, पैसे मी देतो म्हणतो. मी त्याला साफ विसरले होते, तो मला विसरला नव्हता.

ईशान्येच्या जंगलात विलर्ड्स रेस्ट नावाची झोपडी आहे. तिथे शार्लट ही शहरातून आलेली बाई नवऱ्याच्या कबरीपाशी बसलेली सापडते. शहर सोडून निसर्गात राहायचं स्वप्न दोघांचं, आता ती एकटी, उपाशी, आणि शिकार कशी करतात याचा पत्ता नाही. आर्थर तिला शिकवतो. पुढे पुन्हा गेलात तर ती नेमबाजीचा सराव करत असते. यात ना मोठं बक्षीस आहे ना खजिना. पण मैत्रिणींना मी सगळ्यात आधी हीच जागा सांगते. आर्थर कुणाच्या उपयोगी पडल्यावर कसा दिसतो ते तिथे पाहायला मिळतं.

त्या काळी खरंच असं होतं का?

राज्यं आणि गावं काल्पनिक आहेत, पण ओळखू येतात. सेंट डेनिस म्हणजे उघड उघड न्यू ऑर्लिन्स, ट्राम, गिरण्यांचा धूर, फ्रेंच धाटणीच्या गॅलऱ्या. लेमॉइन म्हणजे लुईझियानाची दलदल. ग्रिझलीज म्हणजे रॉकी पर्वत.

साल मात्र फार विचार करून निवडलंय. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारने जाहीर केलं की पश्चिमेला आता वसाहतीची सलग सरहद्द अशी उरलेली नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे लकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने या सरहद्दीच्या संपण्यावर आपला गाजलेला निबंध वाचला. म्हणजे १८९९ मध्ये 'वाइल्ड वेस्ट' जवळजवळ आटोपलेलं होतं. तारा, रेल्वे, बँका, तेलविहिरी येऊन ठेपल्या होत्या. तरी काही टोळ्या शिल्लक होत्या. २ जून १८९९ ला वायोमिंगमध्ये विलकॉक्स इथे 'वाइल्ड बंच' टोळीने युनियन पॅसिफिक रेल्वेची गाडी अडवून डायनामाइटने तिजोरी फोडली, आणि त्यांच्या मागावर खरोखर पिंकर्टनच होते. डचची टोळी याच मावळतीच्या उजेडात वावरते. त्यांचा शत्रू एखादा शेरीफ नसतो. काळच त्यांच्या हातून निसटलेला असतो, आणि डचला ते मान्य करायचं नसतं.

पिंकर्टनची कंपनी आजही आहे. आपलं नाव वापरल्याबद्दल त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये गेमच्या कंपनीला नोटीस धाडली, जानेवारीत गेमवाले उलट कोर्टात गेले, आणि एप्रिल २०१९ मध्ये पिंकर्टनने दावा मागे घेतला.

मूळ रहिवाशांची बाजूही येते. वापिती ही राखीव वस्ती काल्पनिक आहे, पण पुन्हा पुन्हा हुसकावलं जाणं, मोडलेले करार आणि त्यांच्या जमिनीखालच्या तेलावर डोळा, हे सगळं इतिहासात घडलेलं आहे. त्या जमातीचा म्हातारा प्रमुख रेन्स फॉल आणि त्याचा तापट मुलगा ईगल फ्लाइज यांच्यातला वाद मला गेममधला सगळ्यात जाणता भाग वाटतो. त्यांना आणखी जागा मिळायला हवी होती.

प्राण्यांची शिकार करायला मन धजत नाही. टाळता येते का?

पुष्कळशी टाळता येते. मासे पकडा, दुकानातून डबे आणा. २०० च्या आसपास जातींचे प्राणी-पक्षी आहेत आणि दुर्बिणीतून नुसतं पाहूनही त्यांची नोंद होते. मी कित्येक संध्याकाळी एवढंच केलं.

शिकारीबद्दल गेम स्वतःही गप्प नाही. टोळीतल्या चार्ल्सबरोबर रानगव्यांच्या शिकारीला जातो तेव्हा माळावर मारून तसेच टाकून दिलेले गवे दिसतात, आणि चार्ल्सचा संताप बघवत नाही. त्यामागचा इतिहास भयंकर आहे. एकेकाळी कोट्यवधी असलेले हे बायसन १८८० च्या दशकाच्या शेवटी हजाराच्या आसपास उरले. दलदलीतल्या झाडांवर कॅरोलायना पोपट दिसले तर बंदूक खाली ठेवा. ते मोजकेच आहेत, सगळे मारले तर खेळातून कायमचे जातात. खऱ्या जगात या जातीचा शेवटचा पोपट १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

आणि हो, डचचा जुना सोबती होझिया याच्याबरोबर ज्या दंतकथेतल्या अस्वलाच्या मागावर जावं लागतं त्याचं नाव चक्क भारती आहे. नाव वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

माझं इंग्रजी कच्चं आहे. समजेल का?

सबटायटल लावा, मोठी करा. उच्चार दक्षिणेकडचे, आयरिश, मेक्सिकन असे नाना तऱ्हेचे आहेत, मलाही सबटायटलशिवाय अर्धं कळत नव्हतं. पण डचचं भाषण ऐकताना टोळीतले कोण मान हलवतात आणि कोण जमिनीकडे बघतात, हे कळायला भाषा लागत नाही.

कॉम्प्युटर कसा लागेल?

१५० जीबी जागा मोकळी ठेवा. किमान ८ जीबी रॅम, १२ असली तर बरं. जीटीएक्स १०६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर छान चालतो. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीवर टाका.

पहिला भाग आधी खेळायलाच हवा का?

नाही. पहिला भाग २०१० चा असला तरी त्याची गोष्ट १९११ मधली, म्हणजे नंतरची आहे. मी आधी दुसरा खेळले आणि मग पहिला. पहिल्या भागाचा नायक जॉन मार्स्टन दुसऱ्या भागात डचच्या टोळीत आहे, त्याला त्यामुळे जास्त ओळखू शकले.

किती तास लागतात?

नुसती कथा धरली तर ५० च्या आसपास. मला पहिल्या खेपेला याच्या दुप्पट लागले.

ऑनलाइन खेळावा का?

मित्रांबरोबर भटकायला ठीक. जुलै २०२२ मध्ये रॉकस्टारने यापुढे मोठी भर घालणार नाही असं सांगून टाकलं. मोल आहे ते एकट्याने खेळायच्या कथेचं.

घरातल्या मुलांना द्यावा का?

नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी हा नाहीच. रक्तपात आहे, छळ आहे, शिवीगाळ आहे. घोडे दिसतात म्हणून फसू नका.

तुम्हाला काही खटकत नाही का?

खटकतं. नुसतं फिरताना एवढी मोकळीक, आणि मोहिमेत शिरलं की आखून दिलेल्या रेषेबाहेर चार पावलं टाकली तरी 'मोहीम फसली'. हा विरोधाभास मला शेवटपर्यंत बोचत राहिला. हालचाली जड आहेत. घोड्यावर चढायला जाऊन शेजारच्या माणसावर झडप घातल्याचे प्रसंग सगळ्यांच्याच वाट्याला येतात, मग गावभर पळापळ.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉकस्टारचे डॅन हाऊझर यांनी मुलाखतीत आठवड्याला १०० तास काम केल्याचा उल्लेख केला. नंतर खुलासा केला की ते लेखन करणाऱ्या चौघांपुरतं आणि तीन आठवड्यांपुरतं होतं. पण त्यातून कर्मचाऱ्यांच्या जादा तासांची चर्चा उघड्यावर आली, आणि ती व्हायलाच हवी होती. हा गेम जगभरातल्या अनेक स्टुडिओंनी मिळून घडवला, त्यात बंगळूरूचाही हात आहे. तबेल्यातला एकेक कंदील कुणीतरी रात्री जागून ठेवलेला असू शकतो, हे खेळताना माझ्या डोक्यात असतं.

(इथून पुढे कथा उघड होते.) शेवट एवढा का लागतो?

टोळीत स्ट्रॉस नावाचा सावकार आहे. गरिबांना कर्ज द्यायचं आणि वसुलीला आर्थरला पाठवायचं. दुसऱ्याच अध्यायात आर्थर थॉमस डाउन्स नावाच्या आजारी शेतकऱ्याला कुंपणापाशी धरून मारतो. तो माणूस खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. काही डॉलरच्या वसुलीचं ते काम. आपण पुढे निघून जातो, विसरतो. कित्येक तासांनी सेंट डेनिसच्या रस्त्यावर आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो: क्षय.

रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. १८९९ मध्ये या निदानाला उत्तर नव्हतं. जगातले सगळ्यात जास्त टीबीचे रुग्ण आजही भारतात आहेत. तो कोरडा, खोल खोकला कसा असतो हे आपल्याकडे अनेकांनी घरात ऐकलेलं असतं. म्हणून ते दृश्य मला परकं वाटलंच नाही. पुढे आर्थरचे डोळे तांबारतात, अंगावरचे कपडे सैल होतात, दम लवकर संपतो, रस्त्यावरची माणसं बरा नाहीस का विचारतात. खेळणाऱ्याच्या हातात असलेलं शरीरच हळूहळू हातातून जातं.

शेवटच्या दौडीत पाठलाग करणाऱ्यांच्या गोळ्या घोड्याला लागतात. मागून माणसं येत असतात, जॉन चल म्हणून ओरडत असतो, आणि आर्थर थांबतो. गुडघ्यावर बसून घोड्याच्या मानेवर हात ठेवतो आणि त्याचे आभार मानतो. आई तेव्हा शेजारी होती. दोघीही काही बोललो नाही.

(इथेही कथा उघड होते.) एकदा संपवल्यावर पुन्हा खेळावा का?

हो, आणि वर्षभर थांबून. सगळं ठाऊक असताना तीच माणसं वेगळी दिसतात. पहिल्या अध्यायात टोळीतला मायका डचच्या किती जवळ उभा राहतो ते दिसतं. होझिया किती वेळा सावध करतो ते ऐकू येतं.

दुसऱ्या खेपेला मी डाउन्सच्या शेतापाशी पोचले. तो बागेत काम करत होता, खोकत होता. मी कुंपणाच्या अलीकडूनच घोडा वळवला. मासे पकडले, शार्लटकडे जाण्याचा रस्ता शोधला, ग्रिझलीजमध्ये तीन रात्री तंबू ठोकला. नकाशा उघडला की स्ट्रॉसच्या वसुलीची खूण तिथेच होती. ती उरकल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. मी आणखी दोन आठवडे त्या खोऱ्यात फिरत राहिले.